दाण्याएवढं काळीज

कर्करोगाची औषधं स्त्रीबीजंही मारतात. ती आधीच गोठवून कशी जपायची, हे शोधण्यात प्राध्यापकबाईंची हयात गेली. पंधरा वर्षांपूर्वी एका आजारी शाळकरी मुलीच्या अंडाशयाचा तुकडा त्यांनी गोठवून टाकीत ठेवला, तेव्हा सहकारी म्हणाले होते, "बर्फात अंडी उबवताय की काय, बाई?" मुलगी बरी झाली. लग्नानंतर तोच तुकडा तिच्या पोटात पुन्हा बसवला. आज सोनोग्राफीला तिने बाईंना हट्टाने सोबत आणलं होतं. बाईंनी आजवर काचपट्टीवरच्या निमूट पेशीच पाहिल्या होत्या. पडद्यावर दाण्याएवढं काहीतरी लुकलुकत होतं. "हे काय हलतंय?" त्यांनी विचारलं. डॉक्टरांना हसू फुटलं. "अहो, तुम्हीच विचारताय? काळीज आहे ते बाळाचं!" खोलीत ठोके घुमू लागले. मुलीने बाईंचा हात धरला. "बाई, रडताय?" "छे गं, मोजतेय," बाई म्हणाल्या, आणि मोजायचं विसरून ऐकत राहिल्या.