बिनगाण्याची प्रार्थना

बोकड पाथर्डीच्या बाजारात विकला.

चर्चच्या पाळकसाहेबांना निरोप गेला: आजचं राहू द्या.

छोटं पातेलंभर शिरा. वेलची नाही. वेलचीचा वास भिंतीपलीकडे जातो.

उजेड असताना दाराला आतून कडी.

गाणं म्हणायचं नाही.

हे शेवटचं भागिरथीने पुन्हा पुन्हा बजावलं. वस्तीत उपकाराच्या प्रार्थनेला शेजाऱ्यांना बोलावणं लागत नाही. घरातून गाणं ऐकू आलं की ज्याने त्याने आपली ताटली घ्यायची आणि येऊन बसायचं. "नुसतं वाचायचं," ती म्हणाली. "त्ये बी हळू."

"दवाखान्यात साऱ्या वस्तीसमोर बोकड कबूल केलास," तिचा नवरा आसाराम शास्त्राची पानं उलटत म्हणाला. "अन् आता देवाला शिरा. त्यो बी बिनवेलचीचा."

"देवाला कळतंय."

"देवाला कळतंय गं. वस्तीला कोन सांगनार?"

दोघांच्या मधे चेतन, त्यांचा मुलगा. उजवा हात गळ्यात बांधलेला. सामाईक भिंतीच्या पलीकडे चांगुणा. तिचा मुलगा श्रीमंत आणि यांचा चेतन लष्कराच्या भरतीसाठी एकाच जीपने नगरला निघाले होते. जीप घाटात उलटली. चेतन घरी आला.

आसारामने स्तोत्र वाचलं, साहेबापुढे अर्ज वाचावा तसं, मान खाली घालून. मग पाळी. ज्याच्यासाठी प्रार्थना, त्याने आधी बोलायचं. कशाबद्दल उपकार, ते देवाला तोंडाने सांगायचं.

चेतन गळ्यात बांधलेल्या हाताकडे बघत बसला.

"बोल की रं."

"काय बोलू आई? चोरावानी बसून?"

"हळू!"

भिंतीवर थाप पडली. हाताच्या तळव्याची. एकच.

तिघंही भिंतीकडे बघत राहिले.

"भागे," पलीकडून चांगुणा म्हणाली. आवाज नेहमीचा, उसनं पीठ मागताना असायचा तसा. "कडी काढ."

भागिरथीने आसारामकडे पाहिलं. आसारामने पुस्तकाकडे. शेवटी चेतनच उठला. डाव्या हाताने कडी काढली आणि दाराआड तसाच उभा राहिला.

चांगुणा आत आली. हातात ताटली.

"शिरा लागलाय तुमचा," ती म्हणाली. "वास येतोय."

आसारामने घाईने स्टोव्ह विझवला.

"चांगुणे, तुला तरास नको म्हून..." भागिरथी म्हणाली.

"आता गानं म्हनतील, मग म्हनतील. ताटली घिऊन बसले हुते मी."

"मला वाटलं, तुला बघवायचं न्हाई."

"एक अंगन आपलं. अन् पोरगं माझ्या दारावरनं जात न्हाई. मागल्या अंगानं जातंय, काट्याकुट्यातनं. मला काय दिसत न्हाई व्हय?" ती चेतनकडे बघत नव्हती. "माझं एक देवानं नेलं. ह्ये दुसरं तुमी लपिवलं, भागे."

भागिरथी पदर तोंडाशी धरून खाली बसली. चांगुणाही बसली, भिंतीला टेकून. तीच भिंत, या बाजूने.

चेतन दाराआडून आला. तिच्या शेजारी बसला, पण मधे एका माणसाची जागा सोडून. चांगुणाने त्या जागेकडे पाहिलं. सरकली नाही.

"म्हन आता."

"मावशी, मला न्हाई येत."

"मग ऱ्हाऊ दे. पुढं चला."

पाळी पुढे गेली. आसाराम म्हणाला, पोराबद्दल उपकार. भागिरथीच्या तोंडून 'देवा' एवढंच निघालं. मग चांगुणाची पाळी. तिघांनी डोळे मिटून घेतले होते. प्रार्थनेत मिटायचेच असतात; आज ते बरं पडलं.

ताटली जमिनीवर पुढे सरकवल्याचा आवाज आला.

"माझं मानून झालंय," चांगुणा म्हणाली. "वाढा."

भागिरथीने वरवरचा, न लागलेला शिरा आधी तिच्या ताटलीत घातला.

दवाखान्यात चेतनने पहिल्यांदा डोळे उघडले तेव्हा भागिरथी पाणी आणायला खाली गेली होती आणि उशाशी चांगुणा होती. तिने हात जोडून, मोठ्याने, देवाचे उपकार मानले. श्रीमंत शेजारच्या वॉर्डात आहे, असंच तिला तोवर सांगितलेलं होतं.