वर केलेले हात

“हात वर होते. दोनी. मी पाहालं तेच सांगतलं जी, अजून काय करू?” सुंदरबाईनं धानाच्या रोपांची पेंडी चिखलात आपटली.

बांधावर छत्री धरून उभे असलेले कृष्णराव शांतपणे म्हणाले, “रागावू नका. पुन्हा एकदा सांगा. मला घाई नाही.”

भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात सैन्याचं एक शिकाऊ विमान या गावच्या तलावात कोसळलं होतं. पुढच्या सीटवर शिकणारा होता, मागच्या सीटवर शिकवणारा. दोघेही गेले. शिकणारा याच गावचा, मालनबाईचा धम्मदीप.

चौकशी झाली. आपलं गाव दिसलं म्हणून धम्मदीपनं विमान खाली आणलं आणि मग घाबरून विमान चालवायचा दांडा सोडून दिला, असं ठरलं. सुंदरबाईनं रोवणी करताना पाहिलेले ते वर गेलेले हात, हाच मोठा पुरावा. गावच्या वाचनालयाला धम्मदीपचं नाव द्यायचं होतं. सरपंच वासुदेवरावांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मालनबाईनं सुंदरबाईशी बोलणं टाकलं.

आणि आता हे साताऱ्याकडचे म्हातारे गृहस्थ जवळच्या पवनीत खोली घेऊन राहिले होते. रोज एसटीनं गावात येत. सुरुवातीला तलावाच्या पाळीवर नुसते बसून राहत. मग शाळा सुटली की मुलं त्यांच्याभोवती जमू लागली. कृष्णराव त्यांना पाढे शिकवत, कागदाची विमानं करून देत. मुलांनीच त्यांना मास्तर करून टाकलं.

“आणि मागचा?” कृष्णरावांनी विचारलं. “तो काय करत होता?”

“खाली वाकला होता. सारा जोर लावून राहिला होता.”

“शेवटपर्यंत?”

“पाण्यात जातवरी.”

कृष्णरावांनी छत्री मिटली. मग ते शाळेकडे निघाले.

संध्याकाळी सुंदरबाई नातीला शोधत आली तेव्हा शाळेजवळच्या, बैल सोडलेल्या बंडीवर पोरांची गर्दी होती. बंडीत पुढे तिची राखी बसली होती. मागे धम्मदीपची पुतणी तृप्ती. दोघींपुढे एकेक काठी, आणि दोन्ही काठ्या दोरीनं एकमेकींना बांधलेल्या.

“एक हलली की दुसरी हलते,” कृष्णराव सांगत होते. “विमानात असंच असतं. मग दोघींनी दोन बाजूंना ओढलं तर?”

“भांडन!” पोरं ओरडली.

“हं. म्हणून एक नियम आहे. मागचा म्हणाला, आता माझ्याकडे दे, की पुढच्यानं सोडायचं. पण राखी, तू सोडलंस हे तृप्तीला कसं कळणार? तिला तर तुझी पाठच दिसते.”

राखीनं डोकं खाजवलं. काठी सोडली. मग दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि तसेच धरून ठेवले.

“शाबास! आता बंडी कोण चालवून राहिलं?”

त्यांच्या तोंडी आपली बोली ऐकून पोरं हसली. “तृप्ती! मागची!”

“तुमी विमान चालवलं काय, मास्तर?” एकीनं विचारलं.

“नाही गं. घरी जेवताना ऐकत आलोय.”

सुंदरबाई जागेवरच थांबली होती. “अस्सेच होते,” ती पुटपुटली. “अस्सेच होते वो माय.” ती नातीला तिथंच सोडून वळली आणि चिखलाच्या पायांनी थेट मालनबाईच्या दारात गेली.

“मालन, तुह्या पोट्ट्यानं भेऊन हात नाई सोडले वो! हुकूम मानला त्यानं!”

त्यानंतर कृष्णराव कचेऱ्यांमागे लागले. “मास्तर, मेलेल्याचं आता काय होते?” वासुदेवराव म्हणाले. “तुमाले काय भेटन?”

“झालं तसं नोंदलं जावं, एवढंच.”

नवे अधिकारी आले. सुंदरबाई धानाच्या बांधीत उभी राहून हात वर करून दाखवत राहिली. “नीट पाहून घ्या, साहेब. मांगच्या वेळसारखं अर्धंच नेऊ नका.” आणखी एक पावसाळा गेला.

मग तो दिवस आला. वाचनालयापुढे मंडप पडला, डफ वाजू लागले, भंडाऱ्याहून पाहुणे आले. वर्दीतल्या अधिकाऱ्यानं माइक हातात घेतला.

“विमान त्या वेळी प्रशिक्षकाच्या ताब्यात होतं. इतकं खाली आणण्याचा निर्णय त्यांचा होता आणि चूकही त्यांचीच होती. धम्मदीपनं शेवटपर्यंत शिस्त पाळली. तो निर्दोष आहे.”

पडदा सरला. पाटीवर धम्मदीपचं नाव झळकलं. मंडप टाळ्यांनी दणाणला. मालनबाई आणि सुंदरबाई एकमेकींच्या गळ्यात पडल्या. वासुदेवरावांनी माइक ओढून घेतला. “सांगत नवतो मी? त्या मागच्यानं आपला पोट्टा खाल्ला!” लोक उठून ओरडले. “धम्मदीप अमर रहे!”

कृष्णराव मुलांमध्ये शेवटच्या रांगेत बसले होते. तेही टाळ्या वाजवत होते.

मालनबाई गर्दीतून वाट काढत त्यांच्याकडे आली. त्यांचा हात धरून तिनं त्यांना मंडपाच्या मधोमध आणलं. “माह्या लेकाचं नाव या भाऊनं वर काढलं!” पुन्हा टाळ्या झाल्या. डफ घुमले. मुलांनी ‘मास्तर, मास्तर’ म्हणून एकच गलका केला.

“भाऊ, येवढं कायले केलं जी?” डोळे पुसत तिनं विचारलं. “माहा धम्मदीप तुमचा कोन लागत होता?”

कोणीतरी माइक पुढे केला. कृष्णरावांनी तो हातानं बाजूला सारला आणि फक्त तिला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले,

“कुणी नाही, ताई. मागे बसला होता, तो माझा मुलगा.”