निळीचा माठ

तळं बुजवून बसस्टँड होणार, हे कळलं त्या दिवशी काठावरची रंगारी आळी रडली. विठोजी रडला नाही. त्याचं रडणं बायकोच्या चितेपाशीच संपलं होतं. शेजाऱ्यांनी कढया गाड्यांवर चढवल्या. विठोजीचा निळीचा माठ मात्र जमिनीत पुरलेला. हलला की नीळ मरते. लेकीच्या पहिल्या संक्रांतीची चंद्रकळा बायको त्यात रंगवत होती. रोज एक, अशा सात बुड्या. चार देऊन ती गेली. सुतक फिटलं त्याच सकाळी मुकादम फावडेवाले घेऊन आला. "तुम्हाला तिकडे बनशंकरीला जागा दिलीय ना, अण्णा? तिथं नवा माठ लावा." "नवा मुरायला महिना. संक्रांत रविवारी आहे." "वरचा हुकूम!" "मग आधी मला बुजव. माती स्वल्पच लागेल, वाळलोय." फावडेवाले हसले. "उद्या येतो," मुकादम पुटपुटला. विठोजीनं चंद्रकळा माठात बुडवली. अजून दोन बुड्या बाकी होत्या.