पायाची जागा

"हळू दाबा, ताई. दुधावरची साय मोडणार नाही, इतकं हळू."

खिडकीशी उभ्या असलेल्या इम्तियाज मिस्त्रीच्या हातात जुना, काट्याचा मीटर होता. त्याच्या दोन लांब वायरी उघड्या बॉनेटखाली शिरल्या होत्या. इंजिन बंद होते, नुसती चावी फिरवलेली होती. उत्कर्षाने अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवला. आनंद गेल्यानंतर ही गाडी तीच चालवत होती, पण त्याची सीट तिने अजून पुढे ओढून घेतली नव्हती. पाय पुरवायला तिला दर वेळी थोडे घसरून बसावे लागे.

गॅरेजच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर तिच्या सासूबाई, मुक्ताई, बसल्या होत्या.

"कशापायी तपासताय एवढं?" त्या म्हणाल्या. "नदीवरचा पूल वलांडला की उसापाशी अडती गाडी. दर खेपंला तितंच. माझ्या लेकाला गाडी सोडवंना, दुसरं काय!"

"तसं असेल तर कठीण आहे, आजी. त्याचा पार्ट माझ्याकडे मिळत नाही."

मुक्ताई हसल्या नाहीत. उत्कर्षालाही हसू आले नाही. हा बिघाड आहे, केवळ बिघाड आहे, एवढेच कुणाच्या तरी तोंडून ऐकायला ती इथे आली होती. ते ऐकायला मिळाले नाही, तर गाडी विकून टाकायची, असे तिने ठरवले होते. मांजरीतून खराडीला ऑफिसला जाताना पूल मागे पडे, दोन्ही अंगांना ऊस लागे, आणि बोलता बोलता कुणाचा श्वास अडकावा तशी गाडी अडखळे. त्या क्षणी तिची नजर डावीकडच्या रिकाम्या सीटवर जाई. तिथे आनंद दिसत नसे. तिथे आपणच मान टाकून झोपलो आहोत, असा तिला भास होई.

तिने पाय हळूहळू खाली नेला. काटा संथपणे चढू लागला आणि एकाएकी शून्यावर कोसळला. पाय आणखी किंचित दाबताच तो पुन्हा उठून पुढे गेला, जणू काही घडलेच नव्हते.

"परत."

पुन्हा तिथेच.

"सापडलं," इम्तियाज म्हणाला. "पाय किती दाबलाय, हे इंजिनला सांगणारा सेन्सर असतो. आत कोळशाची पातळ पट्टी, तिच्यावर एक पत्र्याचं बोट सरकतं. पट्टी या एका ठिकाणी झिजलीय. पाय इथे आला, की तो कुठे आहे हेच गाडीला कळत नाही. पुलापलीकडे रस्ता मोकळा होतो, गाडी या वेगाला येते आणि अडखळते."

"म्हणजे बिघाडच."

"बिघाडच."

उत्कर्षाने डोळे मिटले. कित्येक दिवसांनी तिचे खांदे खाली आले.

इम्तियाज मात्र मीटरकडेच पाहत राहिला होता. "गंमत बघा. बाकीची पट्टी नव्यासारखी आहे. आधी कोण चालवायचं ही? चाळीसच्या आसपास पाय धरून ठेवलाय, वर्षानुवर्षं. ना वर, ना खाली. पुण्यात असं कुणी चालवतं होय!"

"माझे मिस्टर," ती म्हणाली. "गाडी जुनी आहे ना. चाळीसच्या वर तिला झेपत नाही, म्हणायचे."

"झेपत नाही? कोण म्हणतं? इंजिन ठणठणीत आहे, ताई. ऐंशीला घ्या, हूं की चूं करणार नाही."

तिची रात्रपाळी सुटली की खराडीच्या ऑफिसच्या फाटकाबाहेर आनंद उभा असायचा. पहिला सिग्नल यायच्या आधीच तिचा डोळा लागे, आणि उघडे तो थेट घराच्या दारात. मधला रस्ता तिने कधी पाहिलाच नव्हता. आळस देत ती म्हणायची, "बैलगाडी बरी रे तुझ्यापेक्षा." तो चावी काढत म्हणायचा, "म्हातारी झालीय बिचारी."

मुक्ताई खुर्चीवरून उठल्या आणि खिडकीपाशी आल्या.

"तुला झोप लागायची न्हवं गाडीत," त्या म्हणाल्या.

इम्तियाजने वायरींकडे हात नेला. "नवा बसवून देतो. अर्ध्या तासाचं काम आहे."

"थांबा," उत्कर्षा म्हणाली. "एकदा पुन्हा बघू."

तिने टाच टेकली. पायाखालच्या रबरी मॅटमध्ये एक खळगा पडला होता. टाच त्यात अलगद बसली. पाय खाली जाऊ लागला, काटा चढला, चढला आणि पडला.

तिने पाय तिथेच धरून ठेवला.

"दिसलं मला. सोडा आता, ताई."

पाय हलला नाही. काटा शून्यावर निपचित होता. इम्तियाजने पुन्हा काही बोलायला तोंड उघडले. मुक्ताईंनी त्याच्याकडे पाहिले आणि ओठांवर बोट ठेवले, घरात कुणी झोपलेले असले की ठेवतात, तसे.