न धुतलेला सदरा

“महिना झाला, पण ही माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. सारखी दाराशी बसलेली असते.” शेवडेकाकू मांजर परत घेऊन आल्या होत्या.

हेमांगी चपापली. तिच्याकडची मांजरं घडवलेलीच अशी होती, की पिल्लू ज्याच्या वासात डोळे उघडेल, जन्मभर त्याचंच होईल. म्हणून तर ती प्रत्येक गिऱ्हाइकाकडून अंगावरचा न धुतलेला कपडा मागून घेई.

“काकू, कपडा तुमचाच दिला होतात ना?”

“ह्यांचा सदरा होता. ते गेल्यापासून धुतलाच नव्हता. वाटलं, ह्यांची आठवण घरात हिंडेल.”

हेमांगी म्हणाली, “दुसरं पिल्लू देते. हिला ठेवून जा.”

“म्हणजे ही ह्यांची वाट बघते?”

हेमांगीने होकारार्थी मान हलवली.

काकूंनी मांजर पदराखाली घेतलं. “मग राहू दे. इतके दिवस मी एकटीच बघत होते.”