पाय न वाजवता

उमेशचे कॉलेजात चार विषय राहिले, तेव्हापासून पुतळाबाईनं घरात मिक्सरसुद्धा लावला नव्हता. पोरगा दार लोटून दिवसभर पुस्तकात डोकं घालून बसायचा. ती पाय न वाजवता त्याच्यापुढं चहा ठेवून यायची. कुणी मोठ्यानं बोललं की दटावायची, "हळू रं, पोरगं अभ्यास करतंय!"

रविवारी ती मळवलीच्या बंगल्यावर कामाला गेली, तर तिथं पुण्याच्या कॉलेजातल्या पोरी उतरलेल्या. सवयीनं तिनं त्यांच्यापुढंही चहा पाय न वाजवताच ठेवला.

मोबाइलमधून डोकं वर काढून एकजण किंचाळली,

"अय्या मावशी, तुम्ही त्या रीलमधल्याच ना? तुम्ही चहा ठेवून वळलात की तो मुलगा पुस्तकाआडच्या कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारतो. रोज हसतो आम्ही!"