एक जूनचे नऊ जण

“अकरापैकी नऊ जण एकाच तारखेला जन्मले?” प्रोफेसर हॅरिएटनी चष्मा कपाळावर सरकवला. “एक जूनला?”

नंदाच्या हातातला केक हातातच राहिला. सकाळपासून लॅबमध्ये नुसता आनंदीआनंद होता. वय झालं की शरीराची प्रतिकारशक्तीही थकते, असं सगळं जग मानतं. पण स्टॅनमोर या उपनगरातल्या वॉकिंग ग्रुपमधल्या या अकरा मराठी म्हाताऱ्यांच्या रक्तानं फ्लूची लस टोचल्यावर अशी काही उसळी घेतली, की रिपोर्ट बघून कुणीही त्यांना जेमतेम सत्तरीचं म्हटलं असतं. पासपोर्टवर सगळे अठ्ठ्याहत्तरच्या पुढचे. या एका निकालासाठी नंदानं चार वर्षं जिवाचं रान केलं होतं.

एक जूनचं कोडं तिला लगेच सुटलं. तिच्या वडिलांचीही तारीख तीच. पूर्वी पोराला शाळेत घालायचं, तर गुरुजी सहा वर्षं मागे मोजून एक जून ठोकून द्यायचे. पोर चारचं असलं तरी सहा.

“मग खरी वयं शोध,” तिनं हे सांगितल्यावर हॅरिएट म्हणाल्या. “वाढवून लिहिलेली निघाली, तर पेपर मागे घ्यायचा.”

म्हणजे सगळं मुसळ केरात. संध्याकाळी ट्यूब रेल्वेत बसून ती ग्रुपच्या म्होरक्या गयाबाईंकडे स्टॅनमोरला गेली.

“जय भीम, मावशी. एक विचारू? तुमची जन्मतारीख खरी आहे ना?”

गयाबाईंनी चहाचा कप पुढे केला आणि नजर चोरली. “सुनेला बोलू नको बरं. खोटी आहे.”

नंदानं कप तसाच खाली ठेवला. “बाकीच्या आठजणांची?”

“त्यांचीही. चालताना आमच्या ह्याच गप्पा असतात. वयात बसत नव्हतो ना आम्ही कोणीच. गुरुजी भला माणूस, सहा लिहिलं अन् घेतलं पहिलीत. तुझं काही बिघडलं का, पोरी?”

“नाही, मावशी,” नंदा म्हणाली. तिला रडू येत होतं. हॅरिएटना काय सांगायचं, याची वाक्यं ती मनात जुळवू लागली. “तेव्हा किती वर्षांच्या होतात तुम्ही? चार? पाच?”

गयाबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

“अगं, चार-पाचची लेकरं आमच्यात कोण धाडत होतं शाळेत? ढोरं राखून राखून मोठी झाल्यावर गेलो आम्ही सगळी. मी तर अकराची घोडी होते.”